पाना कुठला घ्यायचा, हे गाडीलाच विचारलं

१६ जून २०२४, रविवार. नाशिकहून कल्याणला बहिणीकडे निघालो होतो, मी आणि आई. घोटी सोडल्यावर मागचं डावं चाक बसलं. पाऊस बारीक होता, स्टेपनी भरलेली होती, जॅक आणि एल-पाना डिकीत होता. चाक बदलायचं कसं हे मला माहीत होतं. पण चारपैकी एकही नट हलेना. मी पाना बसवला, दोन्ही हातांनी जोर लावला, शेवटी पान्यावर उभी राहिले. नट जागचा हलला नाही. आई छत्री धरून रस्त्याकडेला उभी, बाजूने कंटेनर जाताहेत.

पावणेतीन तासांनी एका ट्रकवाल्या दादांनी गाडी बाजूला घेतली. त्यांनी त्यांच्याकडचा हातभर लांबीचा लोखंडी पाइप माझ्या पान्यावर चढवला आणि एकेक नट कर्रर्र आवाज करत सुटला. "ताई, टायरवाल्याने गनने कसलंय हे. एवढुशा पान्याने नाही निघायचं," ते म्हणाले. गन म्हणजे टायरवाल्यांचं हवेच्या दाबाने नट कसणारं यंत्र. पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. आई सोबत होती, अंधार पडत आला होता आणि अडचण फक्त हत्याराची होती, हे डोक्यातून जाईना. माझी गाडी २०१३ची वॅगन आर. अकरा वर्षांत तिचं बॉनेट मी पाणी घालण्यापुरतंच उघडलं होतं. चाक, बॅटरी, फिल्टर, ऑइल एवढी कामं तरी आपल्या हातांनी यायला हवीत, असं ठरवलं. पुढचे अडीच महिने त्यात गेले. त्यातला बराच काळ हत्यारं निवडण्यातच गेला, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिली खरेदी चुकली. १९ जूनला ऑनलाइन ४६ नगांचा संच मागवला. ८४९ रुपये, हिरवी पेटी, आत ओळीने चकचकीत गोट्या. (ज्याला इंग्रजीत सॉकेट म्हणतात, त्याला गॅरेजात गोटी म्हणतात. दुकानात हा शब्द वापरलात तर काम लवकर होतं.) प्रत्येक गोटीवर 'क्रोम व्हॅनेडियम' असं कोरलेलं. २२ तारखेला पेटी घरी आली. ३० जूनला मी बॅटरी काढायला घेतली. टर्मिनलचे नट निघाले. बॅटरी दाबून धरणारी जी पट्टी असते, तिचा १०चा, म्हणजे बाहेरून १० मिलिमीटर रुंद, नट गंजलेला होता. गोटी बसवली, रॅचेट (गोटी फिरवायचा दांडा) ओढला आणि गोटी नटावरून सटकली. हात पट्टीच्या धारेवर आपटून दोन बोटांची सालं निघाली. पुन्हा बसवली, पुन्हा सटकली. तिसऱ्यांदा पाहिलं तर नटाचे कोपरे गेले होते, तो जवळपास गोल झाला होता. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने छिन्नीने तो फोडून काढला, नवीन नट-बोल्ट घातला आणि २०० रुपये घेतले.

मामांना फोन केला. ते नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये बत्तीस वर्षं फिटर होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ते व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) घेऊन आले.

"मामा, पाना चांगला आहे की नाही हे तुम्ही ओळखता कसं?"

"आधी मोजायचं. मग तोंड बघायचं. नाव शेवटी वाचायचं."

त्यांनी माझी १०ची गोटी व्हर्नियरमध्ये धरली: १०.३४ मिलिमीटर. मग स्वतःच्या पिशवीतली काळपट, झिजल्यासारखी दिसणारी जुनी १०ची गोटी मोजली: १०.०८. एका नव्या नटावर आधी माझी गोटी बसवून ती हलवायला सांगितली. ती खुळखुळत होती, डावी-उजवीकडे चांगलीच फिरत होती. त्यांची बसवली तर नट गोटीत हलकेच सरकला आणि घट्ट बसला. तो फरक बोटांना कळतो. त्यानंतर मी दुकानात प्रत्येक गोटी अशीच तपासली. खिशात एक १०चा आणि एक १९चा नवा नट घेऊन जायचं, एवढंच. व्हर्नियर नसला तरी चालतं.

तोंडाचंही त्यांनी दाखवलं. माझ्या गोटीच्या कडेला आत मोठा उतार दिलेला होता. नट पटकन आत जावा म्हणून तो देतात. पण नट पातळ असेल तर गोटीची सरळ भिंत त्याला लागतच नाही, उतारावरच पकड बसते आणि जोर आला की ती निसटते. शिवाय माझी गोटी बारा कोनी होती. बारा कोनी गोटी अडचणीच्या जागी लवकर बसते, पण तिचा जोर नटाच्या कोपऱ्यांवर येतो. सहा कोनी गोटी सपाट बाजूंवर दाबते. गंजलेल्या, जुन्या नटाला सहा कोनीच हवी. आणि 'क्रोम व्हॅनेडियम' हे पोलादाचं नाव झालं. त्याला पाणी नीट दिलंय की नाही, म्हणजे तापवून-थंड करून ते नीट कडक केलंय की नाही, हे त्या अक्षरांवरून कळत नाही.

संच परत घ्या म्हणून विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं की सात दिवसांची मुदत संपली आणि वस्तू वापरलेली आहे. ३ जुलैला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. बिलाची प्रत, गोटीचा व्हर्नियरमधला फोटो आणि ऑर्डर क्रमांक जोडला. लगेच डॉकेट क्रमांक मिळाला. सतरा दिवसांनी विक्रेत्याचा मेल आला आणि पैसे खात्यात जमा झाले. रक्कम छोटी होती, पण मोजमापाचा फोटो जोडला म्हणून काम झालं असं मला वाटतं. 'खराब आहे' एवढंच लिहिलं असतं तर बहुधा काही झालं नसतं.

आता यादी. मामा म्हणाले, "दुकानात जायच्या आधी गाडीखाली जा. गाडीला काय लागतं ते तिलाच विचार." ७ जुलैच्या रविवारी आम्ही वही घेऊन बसलो. मी नट दाखवायचा, त्यांनी पाना लावून आकडा सांगायचा, मी लिहायचं. तासाभरात कळलं की गाडीत पुन्हा पुन्हा तेच आकडे येतात: १०, १२, १४, १७, १९. मधेच कुठे ८. दर संचात असणारे ९, ११, १३, १५, १६, १८ हे पाने माझ्या गाडीला जवळजवळ लागतच नाहीत.

यामागे कारण आहे. जपानी पद्धतीच्या गाड्यांत ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं १२चं असतं, १० जाडीच्या बोल्टचं १४चं. जर्मन पद्धतीत त्याच ८च्या बोल्टचं डोकं १३चं, आणि १०च्या बोल्टचं १६ किंवा १७चं. म्हणून वॅगन आरवाल्याला १२ आणि १४ रोज लागतील आणि युरोपीय गाडी असलेल्या शेजाऱ्याला १३ आणि १६. दोघांनी एकच मोठा संच घेतला तर दोघांच्याही पेटीत निम्मे पाने कोरे राहतात. त्याच पैशांत लागणारे पाच-सहा पाने सुटे आणि चांगले येतात. एवढी साधी गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर फार बरं झालं असतं.

फुलीच्या स्क्रूचंही तसंच. आपल्याकडे दुकानात मिळणारा 'स्टार' स्क्रू ड्रायव्हर बहुतेक वेळा फिलिप्स पद्धतीचा असतो. जपानी घडणीच्या स्क्रूची फुली थोडी वेगळी असते, बऱ्याचदा डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. त्यात फिलिप्स टोक पूर्ण तळाला जात नाही, जोर लावला की वर येतं आणि फुली कुरतडते. माझ्या नंबर प्लेटच्या दोन स्क्रूंची फुली आधीच कुरतडलेली होती. ती का, हे तेव्हा समजलं.

यादीत शेवटी दोन आकडे लिहिले, गाडीच्या पुस्तिकेतून: चाकाच्या नटाला ८५ न्यूटन-मीटर, ऑइलच्या ड्रेन प्लगला (जुनं ऑइल खाली सोडायच्या बोल्टला) ३५. न्यूटन-मीटर म्हणजे नट किती जोराने फिरवून कसायचा, त्याचं माप. यांचं महत्त्व पुढे कळलं.

१३ जुलैला संध्याकाळी रविवार कारंजाला गेलो. तिथे सहा कॉम्बिनेशन पाने घेतले, म्हणजे एका टोकाला उघडं तोंड, दुसऱ्या टोकाला रिंग: ८, १०, १२, १४, १७, १९. मिळून ८७० रुपये. आठ इंची पक्कड २७०, नोज प्लायर २४०, चपटा स्क्रू ड्रायव्हर ११०, एलन कीचा संच २६०. एकूण १,७५०. पक्कड टपारियाची घेतली. सातपूरला त्यांचा कारखाना आहे, मामांच्या हातात नोकरीभर तीच होती. पक्कड निवडताना ती मिटून उजेडासमोर धरायची: टोकं जुळलेली हवीत, मधून उजेड दिसता कामा नये. मग उघडझाप करताना सांध्यात खेळ नको आणि अडकायलाही नको. मी चार पकडी पाहून पाचवी घेतली. दुकानदार कंटाळला नाही.

दुकानदाराने विचारलं, बिल लावू की बिनबिलाचं देऊ? हाताच्या हत्यारांवर १८ टक्के जीएसटी आहे, बिनबिलाचं घेतलं तर तेवढे वाचतात असं वाटतं. आम्ही पक्कं बिल घेतलं. पाना तुटला तर बदलून मागायला तोच कागद लागतो. बिलाची शाई सहा महिन्यांत उडते, म्हणून घरी आल्या आल्या फोटो काढून ठेवला.

पुढच्या काही गोष्टी नाशिकला दोन-तीन दुकानांत विचारूनही मनासारख्या मिळाल्या नाहीत, म्हणून २० जुलैला शनिवारी रजा टाकून पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठली. सीएसएमटीहून नागदेवी स्ट्रीट चालत जाता येतं. अख्खी गल्ली हत्यारांची, अरुंद, हातगाड्यांनी भरलेली. पहिल्यांदा गेलं की गोंधळायला होतं. वहीतली यादी हातात होती, म्हणून निभावलं.

पहिली गोष्ट म्हणजे तीन-अष्टमांश इंची रॅचेट. (हे माप गोटी ज्या चौकोनी खुंटीवर बसते, तिचं.) आपल्याकडे सगळीकडे अर्धा इंची मिळतो, कारण गॅरेजवाले तोच वापरतात. पण तो लांब आणि जड असतो, आणि १०च्या डोक्याचा बोल्ट केवळ ६ मिलिमीटर जाडीचा असतो. शिकाऊ हाताने अर्धा इंची रॅचेटने तो कसला तर आटे जातात किंवा बोल्ट तुटतो. बॉनेटखालची बहुतेक कामं १०, १२ आणि १४ची, त्यांना तीन-अष्टमांश पुरतो. तिसऱ्या दुकानात मिळाला: बारीक दात, मागेपुढे करायला जागा कमी असली तरी चालतो. ८, १०, १२, १४च्या सहा कोनी गोट्या आणि दोन एक्स्टेन्शन धरून २,३४० रुपये. प्रत्येक गोटीवर खिशातला नट लावून पाहिला, एक १०ची परत केली. जपानी फुलीचे दोन स्क्रू ड्रायव्हर ७८०ला पडले. महाग वाटले, पण घरी येऊन दाराच्या पॅनेलच्या स्क्रूत टोक बसवलं तेव्हा ते आपोआप सरळ उभं राहिलं, हात सोडला तरी.

मग १७ आणि १९च्या अर्धा इंची गोट्या ३१०ला, आणि त्यांच्यासाठी दोन फुटी दांडा ६९०ला. घोटीच्या त्या संध्याकाळचं उत्तर हा दांडा आहे. हिशेब साधा आहे. माझा एल-पाना २५ सेंटिमीटरचा. ८५ न्यूटन-मीटरचा नट त्याने सोडवायला पस्तीस किलोच्या आसपास जोर लागतो. गनने दुप्पट कसला असेल तर सत्तर किलो, आणि माझं वजन चोपन्न. साठ सेंटिमीटरच्या दांड्याला तोच नट एकोणतीस-तीस किलोत सुटतो. ट्रकवाल्या दादांचा पाइप हेच करत होता.

शेवटी टॉर्क रेंच. ठरावीक जोर झाला की 'टक्' असा आवाज करणारा. दुकानदाराने पहिला काढला तो ४० ते २०० न्यूटन-मीटरचा. मी वही पाहिली. माझा ड्रेन प्लग ३५चा, म्हणजे हा त्याला चालणारच नाही. मग २० ते ११०चा मागितला, त्यात ३५ आणि ८५ दोन्ही बसतात. ४,१५० रुपये, सोबत कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावरचा क्रमांक रेंचवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळतो का, ते तिथेच उभं राहून पाहा. माझ्या हातात आधी दिलेल्या डब्यातलं प्रमाणपत्र दुसऱ्याच रेंचचं होतं. अशा रेंचला अधिक-उणे ४ टक्के फरक मान्य असतो. वापरून झालं की तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेली राहते. आणि नट सोडवायला तो कधीच वापरायचा नाही, त्यासाठी दांडा आहे.

मुंबईचा खर्च ८,२७०. संध्याकाळच्या पंचवटीने परत आले तेव्हा खांदे दुखत होते. हत्यारांची पिशवी किती जड होते याची कल्पना नव्हती. पाठीवरची सॅक न्या.

ट्रॉली जॅक (२,९००) आणि स्टँडची जोडी (१,४५०) नाशिकलाच घेतली. इथे मी हात आखडता घेतला नाही, कोणीच घेऊ नये. जॅक फक्त उचलण्यासाठी. गाडीखाली हातसुद्धा घालायचा असेल तर ती स्टँडवर हवी. स्टँड घेताना पायांची वेल्डिंग आणि खाचेत बसणारी खीळ दोन्ही पाहा. एकूण सगळं १४,३७० रुपयांत झालं.

आता राहिली जागा. आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये 'दुरुस्तीकाम करू नये' असा फलक आहे. न विचारता केलं असतं तर वाद झाला असता. २५ जुलैला सेक्रेटरींना लेखी अर्ज दिला: काय काम, किती वेळ, फरशी कशी झाकणार, तेल कुठे देणार. ११ ऑगस्टच्या सभेत विषय आला. दोघांचा विरोध होता. जुन्या तेलाबद्दल त्यांची काळजी योग्यच होती, वापरलेलं इंजिन ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. ज्या गॅरेजात ते गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला देतात, तिथलं पत्र मी सोबत नेलं होतं. परवानगी मिळाली: रविवारी १० ते १, खाली प्लायवूड आणि ट्रे, ५०० रुपये अनामत.

२५ ऑगस्ट, रविवार. ऑइल, फिल्टर आणि चारही चाकं. मामा स्टूलवर बसले आणि म्हणाले की हात लावणार नाही. सकाळी साडेनऊलाच गाडी दहा मिनिटं फिरवून आणली, ऑइल कोमट झालं की लवकर उतरतं. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले, मग जॅक लावला. हवेत चाक फिरतं, तिथे जोर लावणं धोक्याचं. दांडा नेहमी आपल्याकडे ओढायचा. ढकलावाच लागला तर तळहात उघडा ठेवायचा, म्हणजे सटकला तरी बोटं वाचतात. पहिला नट सुटला तो आवाज न करता. मी पुन्हा पुन्हा दांड्याकडे पाहत होते.

ड्रेन प्लगला १७ची गोटी तंतोतंत बसली. फिल्टर मात्र निघेना. फिल्टरचा पट्टा-पाना यादीत लिहायचाच राहिला होता. पाऊण तास गेला. शेवटी मामांनी घरातून खरखरीत पॉलिश पेपर मागवला, खरबरीत बाजू फिल्टरकडे करून गुंडाळायला सांगितला, आणि ओल्या बोटांखाली घसरणारा फिल्टर फिरला. नवीन फिल्टर हातानेच बसवला, रबर टेकल्यावर पाऊण फेरा. प्लगला नवं वॉशर, मग टॉर्क रेंच ३५वर. ओढत गेले, ओढत गेले, आणि तळहातात 'टक्' झालं. मामा स्टूलवरून म्हणाले, "बास. आता अजिबात नाही." मला खरंच अजून थोडं कसावंसं वाटत होतं. आजवर हाताने लावलेला प्रत्येक नट मी किती जास्त कसला असेल, हे त्या क्षणी कळलं.

चाकांना ८५, समोरासमोरचे नट आळीपाळीने. एक वाजायला दहा मिनिटं असताना फरशी पुसून झाली. ऑइल आणि फिल्टरचे १,५६० रुपये पडले. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊन आले, संध्याकाळी चाकांचे नट पुन्हा ८५ला तपासले, एकही हलला नाही. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजला दिलं आणि अनामत परत मिळाली.

दोन आठवड्यांनी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांची ह्युंदाई, चाक पंक्चर, काका गावाला. मी डबा घेऊन खाली गेले आणि १९ची गोटी त्यांच्या नटावर बसेना. तिथे २१ लागते. त्यांच्या डिकीतला पाना आणि एक पाइप घेऊन ते चाक कसंबसं काढलं. वर येऊन वहीत १९च्या खाली २१ लिहिलं, आणि सोमवारी रविवार कारंजावरून १६५ रुपयांची सहा कोनी गोटी आणली. या वेळी खिशात काकूंच्या स्टेपनीचा नट होता.